सोसायटीला पाणी बाधलं की मलम?

पत्राचा सारांश: घोडबंदर रोडवरच्या एका चार विंगच्या सोसायटीत राहणाऱ्या ४३ वर्षांच्या ताईंचं हे पत्र. त्या सोसायटीच्या समितीवर आहेत. गेल्या जुलैपासून त्यांच्या कमरेवर आणि जांघेत गोल, कडेला लाल, खूप खाजणारे चट्टे आहेत. तुर्भ्याला नोकरीला जाणाऱ्या पतींना तेच आहे आणि आता पंधरा वर्षांच्या मुलालाही सुरू झालं आहे. मेडिकलमधून आणलेलं मलम लावलं की तीन दिवसांत आराम पडतो, सोडलं की आठवड्यात पुन्हा दुपटीने येतं. सहा वर्षांची मुलगी रात्र-रात्र खाजवते, तिच्या बोटांच्या बेचक्यांत बारीक पुळ्या आहेत. ७२ वर्षांच्या सासूबाईंच्या नडग्या खाजतात, त्यांचं एकच म्हणणं, "इथलं पाणी बाधलं." सोसायटीत आणखी दहा-बारा घरांतून अशीच तक्रार आहे. पालिकेचं पाणी पुरत नाही म्हणून टँकर आणि बोअरचं पाणी त्यात मिसळलं जातं; तपासणीत हार्डनेस, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण, ३८० निघाला. येत्या सभेत दोन ठराव आहेत: ते क्षार कमी करणारा सॉफ्टनर प्लांट बसवायचा आणि घरकामाला येणाऱ्या सगळ्या बायकांकडून 'त्वचारोग नाही' असं डॉक्टरचं सर्टिफिकेट घ्यायचं. ताईंकडे सहा वर्षं काम करणाऱ्या बाईंच्या हातांना भेगा आणि पुरळ आहे. सासूबाई म्हणतात तिला काढा, ताईंचं मन धजत नाही. कोणत्या ठरावाला हात वर करू आणि बाईंचं काय करू, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात 'खाज' हा शब्द सगळ्यांसाठी एकच आहे, पण वर्णनं मात्र तीन-चार वेगवेगळ्या रोगांची आहेत. तिथूनच सुरुवात करू. एका घरात, एका इमारतीत बऱ्याच जणांना खाज आली की आपण एक सामायिक कारण शोधतो, आणि इमारतीत सर्वांत सामायिक गोष्ट म्हणजे गच्चीवरची टाकी. तर्क साहजिक आहे. पण त्वचेचा रोग ओळखताना तीन प्रश्न आधी विचारायचे असतात: कोणाला, अंगावर कुठे आणि कधी.

अंघोळीचं पाणी डोक्यावरून पायापर्यंत सगळीकडे जातं, ते जांघ आणि कंबर निवडून धरत नाही. पाण्यामुळे त्रास होत असेल तर कातडी सगळीकडे कोरडी, खरखरीत होते. चेहरा, हात, पोटऱ्या आधी. एकाच टाकीच्या पाण्यावर असलेल्या घरांत तो त्रास कमी-जास्त प्रमाणात सगळीकडे दिसायला हवा. गोल, मधून बऱ्यापैकी साफ आणि कडेला लाल उंचवटा असलेला चट्टा पाणी काढू शकत नाही. ते काम बुरशीचं. गजकर्ण म्हणा, नायटा म्हणा. कमरेला, जांघेत, काखेत, स्तनांखाली, म्हणजे जिथे घाम साचतो आणि कपडा घासतो तिथेच ते वाढतं. ठाण्यासारख्या दमट हवेत जून ते ऑक्टोबर हा त्याचा हंगाम. तुमचं जुलैत सुरू झालं, हा योगायोग नव्हे.

हार्डनेसबद्दल. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) हार्डनेसची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. तुमचे ३८० या दोन्हींच्या मध्ये बसतात. अशा पाण्यात साबणाला फेस कमी येतो, त्याचा साका कातडीवर राहतो, माणूस आणखी साबण लावतो आणि कातडी कोरडी पडते. इतका दोष पाण्याला द्या. पण सॉफ्टनरने त्वचारोग जातो का? इंग्लंडमध्ये हार्ड पाण्याच्या भागांत इसब असलेल्या ३३६ मुलांवर यासाठी मुद्दाम प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या मुलांच्या घरी सॉफ्टनर बसवले, बारा आठवडे पाहिलं. इसबात सॉफ्टनरमुळे फरक पडला नाही. इसबाची ही कथा, तर गजकर्णाला सॉफ्टनर काय करणार! गीझरची कॉइल दरवर्षी जाते, नळांवर पांढरे थर बसतात, म्हणून प्लांट हवा असेल तर त्या हिशेबाने जरूर मत द्या. मीठ किती लागणार, प्लांट धुताना निघणारं बॅकवॉशचं पाणी कुठे सोडणार हेही त्याच सभेत विचारा. खाजेच्या नावावर मात्र तो खर्च टाकू नका. पाण्याची एक तपासणी अजून करून घ्या, ती म्हणजे उरलेल्या क्लोरिनची. नळाशी लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम हवं. टँकरच्या पाण्यात ते बरेचदा नसतं, आणि त्याचा संबंध पोटाच्या आजारांशी आहे.

आता त्या मलमाकडे, कारण तुमच्या पत्रातली खरी गोम तिथे आहे. तीन दिवसांत आराम आणि आठवड्यात दुप्पट, हे वाक्य वाचलं की त्वचारोगतज्ज्ञ ट्यूब न पाहता आतलं औषध सांगेल. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. चार-चार नावं असतील. ज्या नावाचा शेवट 'कोनाझोल' किंवा 'फिन' असा होतो ते बुरशीवरचं औषध: ल्युलिकोनाझोल, किटोकोनाझोल, टर्बिनाफिन. शेवट 'सोन', 'सोल' किंवा 'लोन' असा असेल तर ते स्टिरॉइड समजा: बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन. उरलेली एक-दोन नावं, उदाहरणार्थ ओफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल, ही जिवाणूंवरची औषधं. गजकर्णात त्यांचं काही काम नाही. या मिश्र ट्यूबमधलं क्लोबेटासोल हे सर्वांत तीव्र स्टिरॉइडांपैकी एक आहे, आणि जांघेची कातडी ही अंगावरच्या सर्वांत पातळ कातड्यांपैकी एक.

स्टिरॉइड लावल्यावर आधी काय जातं? लाली आणि खाज, कारण ती दोन्ही आपल्या शरीराने बुरशीविरुद्ध चालवलेल्या लढाईची लक्षणं आहेत. स्टिरॉइड ती लढाई थांबवतं. बुरशी तिथेच राहते, आता तिला अडवणारंही कोणी नसतं, म्हणून मलम थांबताच ती पसरलेली दिसते. काही महिन्यांनी चट्ट्याची नेहमीची गोल कड मोडते, एकात एक वेढे दिसायला लागतात आणि नवख्या डॉक्टरला ओळख पटत नाही. जांघेत, काखेत ताणाच्या रेषा उमटतात. त्या कायमच्या असतात, फिकट होतात पण जात नाहीत. पंधरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे आजच थांबवा. वाढीच्या वयात या रेषा फार लवकर उमटतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचच्या कक्षेत आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी 'खाजेची ट्यूब द्या' म्हटलं की काउंटरवर काय येतं ते तुम्हाला माहीत आहेच.

आणि एक गोष्ट तपासा. एका घरातून दुसऱ्या घरात काय गेलं? पाण्याआधी बहुधा ट्यूबचं नाव गेलं असणार. 'आम्हाला याने लगेच फरक पडला' असं एका विंगमधून दुसऱ्या विंगमध्ये सांगितलं जातं, आणि महिन्याभरात सगळ्यांचं गजकर्ण सारखंच चिवट होतं.

चिवटपणाला दुसरं कारणही आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतभर गजकर्णाची तऱ्हाच बदलली. पूर्वी जी बुरशी जास्त आढळायची तिची जागा एका नव्या प्रकाराने घेतली. २०२० मध्ये तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव मिळालं. तिच्यात टर्बिनाफिनला दाद न देण्याची क्षमता बऱ्याचदा असते. म्हणून पूर्वी दोन आठवड्यांत जाणारं गजकर्ण आता दोन-दोन महिने घेतं. डॉक्टरने लांबलचक कोर्स दिला म्हणजे तो लुटतोय असं समजू नका.

तर तुम्ही तिघांनी काय करायचं? मिश्र मलम थांबवा. थांबवल्यावर पहिला आठवडा-पंधरवडा लाली आणि आग वाढेल, ती अपेक्षित आहे. त्या दिवसांत धीर सुटून पुन्हा तीच ट्यूब उघडली जाते, म्हणून ती घरात ठेवूच नका. खाजेवर झोपताना घ्यायची गोळी आणि गार पाण्याची घडी यावर ते दिवस निघतात; गोळी कोणती ते डॉक्टर सांगतील. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. खाजगीत परवडत नसेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. चट्ट्याच्या कडेवरचा कोंडा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की बुरशीचे धागे दिसतात. तपासणी स्वस्त आणि लगेचची आहे, पण त्याआधी काही दिवस त्या जागी कुठलंही मलम नको. नाहीतर बुरशी असूनही रिपोर्टमध्ये 'नाही' येतं.

तिघांचे चट्टे इतके पसरलेले आणि जुने असताना नुसत्या मलमावर भागणं कठीण आहे, पोटातून गोळ्या लागतील. इट्राकोनाझोल दिलं तर ते भरपेट जेवणाबरोबर घ्यायचं असतं. पतींना सकाळी ॲसिडिटीची गोळी घ्यायची सवय असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, कारण पोटातलं आम्ल कमी झालं की ही कॅप्सूल नीट शोषली जात नाही, आणि मग 'औषध लागू पडत नाही' अशी तक्रार होते. हृदय कमजोर असणं, यकृताचा त्रास, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या, गरोदरपण, यांतलं काहीही असेल तर तेही आधी सांगायचं. कोर्स साधारण चार ते आठ आठवडे चालतो, कधी त्याहून जास्त. खाज आठवडा-दोन आठवड्यांत जाते, आणि बहुतेक लोक तिथेच औषध सोडतात. बुरशी मात्र अजून कातडीच्या वरच्या थरात असते.

मलमाचं प्रमाण हा अगदी दुर्लक्षित भाग आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून ओढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम; तेवढं बोटांसकट दोन तळहातांइतक्या जागेला पुरतं. तुमचे चट्टे मिळून चार तळहात भरत असतील तर एका वेळेला १ ग्रॅम, दिवसातून दोनदा म्हणजे २ ग्रॅम. दहा ग्रॅमची ट्यूब पाच दिवसांत संपायला हवी. तुमच्याकडे ती महिनाभर, तीही तिघांत, पुरत असेल तर औषध लागतच नव्हतं. मलम चट्ट्याच्या कडेबाहेर अंगठ्याच्या रुंदीइतकं पुढे, म्हणजे दोन सेंटिमीटर, लावायचं, कारण बुरशी पसरते ती कडेने. आणि चट्टा पूर्ण गेल्यावरही पुढे दोन आठवडे.

कपड्यांशिवाय हे सगळं वाया जातं. चड्डी, बनियन, टॉवेल, चादर प्रत्येकाचं वेगळं. ओल्या कपड्यांची एकच बादली नको. तिघांचे कपडे उलटे करून मशीनमध्ये ६० अंशांच्या सेटिंगवर धुवा. गार पाण्याच्या धुण्यात बुरशी टिकते. पावसाळ्यात ग्रिलच्या आत चार दिवस दमट लटकलेली चड्डी घालण्यापेक्षा तिच्या शिवणीवरून आणि इलॅस्टिकवरून गरम इस्त्री फिरवा. पतींनी ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीतून घामाने भिजलेली जीन्स खुर्चीच्या पाठीवर टाकून सकाळी पुन्हा चढवली असं होत असेल तर ते बंद. सुती सैल पँट बरी. मुलाने खेळून आल्यावर लगेच अंघोळ करून कोरडं व्हावं, आणि मित्रांच्या जर्सीची अदलाबदल नको. घरात कोणाच्या कमरेला करगोटा असेल तर तो बुरशीचं हक्काचं घर आहे, औषध सुरू करताना काढून टाका आणि बरं झाल्यावर नवा बांधा. तुमच्या कमरेवरचा चट्टा परकराच्या नाडीच्या जागी आहे का ते बघा. असेल तर काही महिने नाडी सैल आणि रुंद पट्ट्याची ठेवा, किंवा साडीला सुट्टीच द्या. लिंबू, लसूण, चुना, अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक, यांनी कातडी भाजते आणि चट्टा ओळखू येत नाही. कडुलिंबाचा पाला घातलात तर काही बिघडणार नाही, घडणारही नाही.

आता मुलगी. बोटांच्या बेचक्यांत पुळ्या आणि रात्री वाढणारी खाज, हे ऐकून मला तरी आधी खरूज आठवते. खात्री डॉक्टरांनी हात पाहून करायची. मनगट, काख, बेंबीभोवती, कंबर या जागा त्यांना दाखवा. खरजेचा किडा डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा करून अंडी घालते. खरूज होते ती सलग, जवळच्या अंगस्पर्शाने: एका अंथरुणात झोपणं, कडेवर घेणं, हातात हात घालून बसणं. अस्वच्छतेचा संबंध फार थोडा. रोज दोनदा अंघोळ करणाऱ्यालाही होते. ओझरत्या स्पर्शाने सहसा नाही, लिफ्टच्या बटणाने तर नाहीच.

इथे तुमच्या दुसऱ्या ठरावाची मेख आहे. खरूज पहिल्यांदा होते तेव्हा अंगात शिरल्यापासून खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात माणसाच्या अंगावर काहीच दिसत नाही, पण तो ती दुसऱ्याला देऊ शकतो. मग सोमवारी मिळालेल्या 'त्वचारोग नाही' या सर्टिफिकेटला मंगळवारी काय अर्थ? आणि कोणाकडून कोणाला गेली हे तुम्ही कसं ठरवणार? मुलगी शाळेतून, पाळणाघरातून, मामाकडच्या एका गादीवर झोपलेल्या चुलत-मामे भावंडांकडून आणू शकते. बाईंना ती तुमच्या घरातून मिळाली असण्याची शक्यताही तितकीच. सर्टिफिकेट फक्त बायकांकडून मागायचं आणि सोसायटीच्या जिममधल्या चटईवर घामेजून लोळणाऱ्या रहिवाशांकडून नाही, याला आरोग्याचा ठराव म्हणता येणार नाही.

बाईंच्या हातांचंही जरा बारकाईने पाहा. तळहाताला, बोटांच्या टोकांना कोरड्या भेगा, आग, आणि सुट्टीत गावी गेल्यावर कमी होतं असं असेल तर ते बहुधा इसब: भांड्यांचा साबण, डिटर्जंट, फरशीचं लिक्विड, लसूण-कांदा चिरणं आणि दिवसभर ओले हात. ते कोणाला लागत नाही. ते कामामुळे, म्हणजे तुमच्या आणि आणखी चार घरांच्या कामामुळे झालेलं दुखणं आहे, आणि त्यासाठी तिला काढायचं का हा प्रश्न मग वेगळा दिसायला लागतो. तिला आतून सुती आणि वरून रबरी असे हातमोजे द्या. एका दमात वीस मिनिटांपेक्षा जास्त घालू नयेत, आत घाम साचतो. काम संपल्यावर हात पुसून पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल. फरशीच्या लिक्विडचं झाकण-झाकण ओतण्याऐवजी बाटलीवर लिहिलेलंच माप वापरा. पण बेचक्यांत पुळ्या आणि रात्रीची खाज तिलाही असेल, तर ती आणि तिच्या घरचे यांचाही उपचार तुमच्याच दिवशी व्हायला हवा. त्यांच्या औषधाचा खर्च तुम्ही उचलला तर तो तुमच्याच मुलीच्या उपचाराचा भाग धरा.

खरजेचा उपचार सोपा आहे, फसतो तो मापात आणि एकाच वेळी न केल्यामुळे. पर्मेथ्रिन ५ टक्के मलम. रात्री, अंग थंड आणि कोरडं असताना, गळ्यापासून तळपायापर्यंत: बेचकी, नखांखाली, बेंबी, काख, जांघ, नितंबांची घडी, काहीही न सोडता. नखं आधी कापा. हात धुतले तर हातांना पुन्हा लावा. आठ ते बारा तासांनी अंघोळ. एक आठवड्याने पुन्हा एकदा. खाज असो वा नसो, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री. मोठ्या माणसाला एका वेळेस साधारण ३० ग्रॅम लागतं, सहा वर्षांच्या मुलीला १५. तुम्ही दोघं, मुलगा, सासूबाई म्हणजे १२० आणि मुलीचे १५. दोन वेळांचे २७० ग्रॅम. एका ट्यूबमध्ये पाच जणांना फक्त 'पुळ्यांवर' लावलं की महिन्याने पुन्हा तेच. घरात तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. बाळांना डोक्यालाही लावावं लागतं.

त्या रात्रीच्या आधी तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, उशांचे अभ्रे गरम पाण्यात धुवून कडक उन्हात. धुता न येणारी गोधडी, मऊ खेळणी प्लॅस्टिकच्या पिशवीत आठवडाभर बांधून ठेवा. अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपेक्षा जगत नाही. पेस्ट कंट्रोल नको, त्याने काही साधत नाही. उपचारानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते, कारण मेलेले किडे कातडीत असतात. म्हणून रोज-रोज पर्मेथ्रिन फासू नका, त्यानेच कातडी चिडते. चार आठवड्यांनंतर नव्या पुळ्या आल्या तर डॉक्टर. आणि मुलीच्या पुळ्यांत पू झाला, खपल्या धरल्या तर चार दिवस थांबू नका. त्या जंतूंमुळे क्वचित मूत्रपिंडाला सूज येते. सकाळी चेहरा सुजलेला आणि लघवी चहाच्या रंगाची दिसली तर त्याच दिवशी दवाखाना.

सासूबाईंचं सोपं आहे. उतारवयात कातडीचं तेल कमी होतं, त्यात कडकडीत पाण्याची लांबलचक अंघोळ. पाणी कोमट, साबण फक्त काखेत आणि जांघेत, आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल. तुमच्या हार्ड पाण्याचा थोडा वाटा इथे आहे, त्यामुळे 'पाणी बाधलं' हे त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. महिन्याभरात उतरलं नाही तर साखर, थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या रक्ततपासण्या करा.

उरलेली दहा-बारा घरं. सभेआधी घराघरांत नावाशिवाय चिठ्ठी फिरवा: वय, अंगावर कुठे, खाज कधी वाढते, घरात आणखी कोणाला, काय लावलं. ती वाचायची कशी? जांघ-कंबर आणि मिश्र ट्यूब, हे गजकर्ण. रात्रीची खाज आणि घरातले दोघं-तिघं, खरूज. पावसाच्या पाण्यातून चालून पायाच्या बोटांत पांढरं, भिजल्यासारखं, ते चिखल्या; एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये पाठीवर टोचणारे बारीक दाणे, घामोळं. छाती-पाठीवर फिकट, बारीक कोंड्याचे ठिपके म्हणजे शिबं. ती लागत नाहीत, औषधाने बुरशी जाते पण रंग परत यायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून पुन्हा-पुन्हा औषध लावत बसू नये. सकाळी उठल्यावर मानेवर भाजल्यासारखी आग होणारी सरळ रेघ आली तर तो पावसाळ्यात दिव्याला येणारा नारिंगी-काळा बारीक किडा अंगावर चिरडल्याचा प्रकार. असा किडा बसला तर फुंकर मारून उडवा. आणि एखादा फिकट चट्टा खाजत नसेल, उलट कापसाचं टोक फिरवलं तरी तिथे कळत नसेल, तर त्या माणसाला गाजावाजा न करता सरकारी दवाखान्यात पाठवा. कुष्ठरोगाची शक्यता तपासायची असते. औषध तिथे मोफत मिळतं आणि वेळेत घेतलं तर पूर्ण बरं होतं.

म्हणून सर्टिफिकेटच्या ठरावाला विरोध करा, आणि त्या जागी उपसूचना मांडा: क्लब हाउसमध्ये एका रविवारी त्वचारोगतज्ज्ञाची तपासणी, रहिवाशांची आणि सोसायटीत काम करणाऱ्या सगळ्यांची, एकाच रांगेत, एकाच दिवशी. सॉफ्टनरच्या वर्गणीपुढे तो खर्च किरकोळ असेल. जांघेतला चट्टा चारचौघांत कोणी दाखवत नाही, तेव्हा पडदा हवा आणि एक स्त्री-डॉक्टर हवीच. नोटिशीत खाली एक ओळ ठळक अक्षरांत टाका: येताना घरातल्या सगळ्या ट्यूब, संपलेल्यासुद्धा, पिशवीत घालून आणाव्यात.